भाऊ गेला, बहिणीला कुणी विचारलं?

आज बचतीचा हिशेब नाही की कर्जाचा हप्ता नाही. आज आम्ही एका दुःखाविषयी बोलणार आहोत. हे दुःख बहुतेक घरांत असतं, पण त्याची विचारपूस होत नाही.

आमच्या गटातल्या एका ताईचा धाकटा भाऊ दोन वर्षांपूर्वी मोटारसायकलच्या अपघातात गेला. वय 26. दफनविधीला सगळी मंडळी आली. येणारा प्रत्येक जण ताईला एकच सांगे, "आता आईला सांभाळ." ताईने आईला सांभाळलं, भावजयीला सांभाळलं, आल्यागेल्याचा चहा केला. तिला मात्र कुणी विचारलं नाही. आम्हीही नाही. उलट आम्ही म्हणालो, "रडू नकोस, तो प्रभूच्या घरी सुखात आहे." पुढे ताई रविवारच्या उपासनेला यायची बंद झाली. खूप दिवसांनी म्हणाली, "तो सुखात आहे हे मलाही मान्य आहे. पण माझं काय?"

त्या प्रश्नाने आमचे डोळे उघडले. आईवडील आपल्या आधीचे, मुलं आपल्या नंतरची. भावंड मात्र बरोबरीने चालणारं. एका ताटात जेवलेलं, एकाच चुकीसाठी मार खाल्लेलं. ते गेलं की आपलं लहानपण माहीत असलेला साक्षीदारच जातो. म्हणून हे दुःख आईच्या किंवा पत्नीच्या दुःखाच्या मागे झाकून ठेवू नये.

आमच्यातल्या पुष्कळ बायकांना वाटतं, रडलं म्हणजे विश्वास कमी पडला. बायबल तसं सांगत नाही. योहानाच्या शुभवर्तमानातला अकरावा अध्याय काढून बघा. ती गोष्ट दोन बहिणींची आणि त्यांच्या भावाचीच आहे. यरुशलेमजवळ बेथानी गावात मार्था, मरीया आणि लाजर ही भावंडं राहत. लाजर आजारी पडला. बहिणींनी येशूला निरोप धाडला. तरी तो आणखी दोन दिवस होता तिथेच राहिला. तो पोहोचला तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते.

मार्था वाटेवरच त्याला भेटली आणि सरळ तक्रार केली, की तू इथे असतास तर माझा भाऊ गेला नसता. मागून आलेल्या मरीयेनेही तेच बोलून दाखवलं. येशू दोघींवरही रागावला नाही. मार्थेशी तो पुनरुत्थानाविषयी बोलला. मरीयेला रडताना पाहून तो स्वतः रडला. पुढे लाजराला उठवणार हे ठाऊक असूनही रडला. सख्ख्या बहिणी, पण एकीला उत्तर हवं होतं, दुसरीला सोबत. आम्ही आमच्या ताईला न मागितलेलं उत्तर दिलं, सोबत दिलीच नाही.

तुम्ही म्हणाल, लाजर परत आला, आमचा भाऊ कुठे आला? खरं आहे. या जगात तो परत येईल असं वचन आम्हाला नाही. आशा आहे ती शेवटच्या दिवशीच्या पुनरुत्थानाची. थेस्सलनीकाच्या मंडळीला पौलाने लिहिलं, त्याचा अर्थही असाच की दुःख करा, पण आशा नसलेल्यांसारखं नको. आशा आहे म्हणून आज दुखत नाही, असं होत नाही.

आपल्या केडगावच्या पंडिता रमाबाईंचंच बघा. 1874 मध्ये दुष्काळात आईवडील गेले, पाठोपाठ बहीण गेली. मग भाऊ श्रीनिवासशास्त्री यांच्याबरोबर त्यांनी पायी देश पालथा घातला. 1880 मध्ये तोही गेला. रमाबाई तेव्हा 22 वर्षांच्या होत्या. बाप्तिस्मा त्यांनी नंतर, 1883 मध्ये इंग्लंडात घेतला. पण उतारवयात आपली साक्ष लिहिताना भावाचं शेवटचं आजारपण आणि त्याला लागलेली बहिणीची काळजी त्या विसरल्या नव्हत्या. श्रद्धेने त्यांना भावाला विसरायला लावलं नाही.

मग आम्ही काय बदललं? आता कुणाचं भावंड गेलं की गटातल्या दोघी जणी फक्त तिच्यासाठी जातात. उपदेश करत नाहीत. गेलेल्याचं नाव घेऊन विचारतात, "तो लहानपणी कसा होता गं?" पहिले दोन महिने तिच्या हप्त्याचा विषय गटच बघतो. भाऊबीज, नाताळ आणि त्याचा वाढदिवस हे दिवस जड जातात, म्हणून त्या दिवशी कुणीतरी तिच्याकडे डोकावतंच. आमच्यातल्या कॅथलिक बहिणी 2 नोव्हेंबरला कबरीवर फुलं आणि मेणबत्त्या ठेवतात, तेव्हा तिलाही सोबत नेतो. प्रार्थनेत देवाकडे तक्रार करावीशी वाटली तर करू देतो. मार्थेने केलीच होती.

आणि एखादीची झोप, जेवण पार उडालं, जगणं नको असं ती बोलू लागली, तर नुसत्या प्रार्थनेवर थांबू नका. 14416 हा सरकारचा टेली-मानस क्रमांक आहे. फोन फुकट आहे, दिवसरात्र कधीही करा. डॉक्टरांकडे जाणं म्हणजे अविश्वास नव्हे.

आमची ताई आता पुन्हा उपासनेला येते. अजून रडते. आता आम्ही तिला थांबवत नाही, शेजारी सरकून बसतो. तुमच्या गल्लीतही अशी एखादी बहीण असेल. आज तिच्या घरी जाऊन या.