वाटणीचं कोडं: विहीर कोपऱ्यात, वाटेकरी तीन, दोरी कुठं टाकायची?

आधी कोडं ऐका. शेत तिकोनी आहे. एका कोपऱ्यात विहीर. वाटेकरी तीन. तिघांनाही सारखं क्षेत्र पाहिजे आणि प्रत्येकाला आपापल्या तुकड्यातूनच विहिरीवर जाता आलं पाहिजे. भावाच्या पिकातून पाइपलाइन नको, पायवाट नको. दोरी कुठं टाकाल?

पारावर हे कोडं टाकून बघा. बहुतेक जण शेताला आडव्या रेघा मारतात. मग विहीर एकाच्या वाट्याला जाते आणि बाकीचे दोघं पुढची वीस वर्षं त्याच्या बांधावरून पाणी नेण्यासाठी त्याची मनधरणी करत राहतात. उत्तर मात्र अगदी सोपं आहे. विहिरीसमोरचा बांध टेपनं मोजा. त्याचे तीन सारखे भाग करून दोन खुंट्या ठोका. विहिरीपासून त्या दोन खुंट्यांपर्यंत दोऱ्या ताणा. झाली वाटणी.

तुकडे दिसायला वेगळे दिसतात, त्यामुळे कुणीतरी म्हणणारच, "मधला बारका वाटतोय." त्याला आकड्यात दाखवा. त्रिकोणाचं क्षेत्रफळ म्हणजे पाया गुणिले उंची, भागिले दोन, हे आपण सातवी-आठवीत शिकलो. समोरचा बांध 396 फूट आहे आणि विहिरीपासून त्या बांधापर्यंतचं सरळ, काटकोनातलं अंतर 330 फूट आहे असं धरा. एका वाट्याचा पाया 132 फूट. उंची मात्र तिघांची तीच, कारण तिघांचंही टोक विहिरीवरच आहे. 132 गुणिले 330 भागिले 2 म्हणजे 21,780 चौरस फूट. गुंठा 33 बाय 33, म्हणजे 1089 चौरस फुटांचा. भागून बघा, बरोबर 20 गुंठे येतात. तिघांचे मिळून 60, म्हणजे दीड एकर.

यातली खरी सोय अशी की वाटे पाडायला उंची मोजावीच लागत नाही. फक्त एक बांध मोजायचा. वाटे सारखे नसतील, समजा एकाला निम्मं आणि दोघांना पाव-पाव द्यायचं असेल, तरी तो बांध त्याच हिशेबानं तोडायचा. विहीर आणि तिच्याभोवतीची थोडी जागा सामाईक ठेवून पाण्याच्या पाळ्या लावाव्यात, ते वेगळं सांगायला नको. वाटेकरी मोजताना बहिणींना मात्र विसरू नका. हिंदू वारसा कायद्यात 2005 साली दुरुस्ती झाली, त्यानंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाएवढाच आहे. दोरी टाकून झाल्यावर हे आठवलं, तर सगळं पुन्हा मोजावं लागतं.

विहीर कोपऱ्यात नसेल तर?

आपल्याकडं विहीर बऱ्याचदा बांधाच्या कडेला असते. समजा तिकोनी शेताच्या एका कोपऱ्यातून दोन बांध निघतात, एक 300 फुटांचा, दुसरा 400 फुटांचा. विहीर 300 च्या बांधावर आहे, त्या कोपऱ्यापासून 240 फुटांवर. वाटेकरी दोन आणि दोघांनाही विहीर पाहिजे. म्हणजे दोरीचं एक टोक विहिरीवर पक्कं झालं, दुसरं 400 च्या बांधावर कुठं जाणार?

दोन्ही बांधांचा गुणाकार करा: 300 गुणिले 400 म्हणजे 1,20,000. त्याचा निम्मा 60,000. त्याला 240 नं भागलं की 250 येतात. कोपऱ्यापासून 250 फुटांवर खुंटी ठोका आणि तिथून विहिरीपर्यंत दोरी ताणा. एकाला तिकोनी तुकडा मिळेल, दुसऱ्याला चौकोनी, पण क्षेत्र दोघांचं सारखंच. हे चालतं कारण कोपऱ्याचा कोन दोन्ही हिशेबांत तोच राहतो, बदलते फक्त बांधांची लांबी. गुणाकार निम्मा झाला की क्षेत्रही निम्मं होतं. एक अट आहे: ज्या कोपऱ्यापासून मोजायचं तो विहिरीपासून लांबचा कोपरा घ्यायचा. जवळचा घेतला तर दुसरी खुंटी बांधाच्या बाहेर जाते.

आणि विहीर शेताच्या बरोबर मध्यावर असेल, शेतही चौरस असेल, तर याहून सोपं. शेताचा घेर मोजायचा, जितके वाटेकरी तितके सारखे भाग करायचे, प्रत्येक खुंटीपासून मध्यापर्यंत दोरी. 198 फूट बाजूचं शेत 36 गुंठ्यांचं असतं, घेर 792 फूट. तिघांना 264-264 फूट घेर आला की 12-12 गुंठे झाले. एखाद्याच्या वाट्यात शेताचा कोपरा येतो, एखाद्याच्या वाट्यात दोन येतात, तरी फरक पडत नाही, कारण मध्यापासून चारही बांध सारख्याच अंतरावर आहेत. सुरुवात कुठूनही करता येते. म्हणून पहिली खुंटी अशी ठोकायची की रस्त्याची बाजू जास्तीत जास्त जणांना मिळेल.

निमुळत्या शेतात डोळा फसतो

सगळ्यात जास्त घोळ निमुळत्या शेताचा होतो. रस्त्याकडं रुंद, नाल्याकडं अरुंद. रस्त्याची बाजू 170 फूट, नाल्याची 70 फूट, लांबी 300 फूट. दोन भाऊ. लोक काय करतात, तर 150 फुटांवर दगड लावून मोकळे होतात. "लांबी निम्मी केली, अजून काय पाहिजे?"

हिशेब करा. मध्यावर रुंदी 120 फूट आहे. रस्त्याकडचा तुकडा होतो 21,750 चौरस फुटांचा आणि नाल्याकडचा 14,250 चौरस फुटांचा. फरक 7,500 चौरस फुटांचा, म्हणजे जवळपास सात गुंठे. रस्ता पुन्हा थोरल्याकडंच. अशा वाटणीनंतर धाकटा गप्प बसेल, पण त्याची पोरं बसणार नाहीत.

आडवंच तोडायचं असेल तर दगड कुठं लावायचा, हे चार हजार वर्षांपूर्वीच्या माणसांना माहीत होतं. इराकमध्ये निप्पूर इथं मातीची एक पाटी सापडली, तिच्यावर असाच निमुळता आकार निम्मा केलेला आहे आणि आकडेही हेच: 17, 7 आणि मध्ये 13. रीत अशी की दोन्ही रुंद्यांचे वर्ग करायचे, बेरीज करून निम्मी करायची आणि तिचं वर्गमूळ काढायचं. 17 चा वर्ग 289, 7 चा 49, बेरीज 338, निम्मे 169, वर्गमूळ 13. म्हणजे आपल्या शेतात जिथं रुंदी 130 फूट भरते तिथं दगड. ती जागा रस्त्यापासून 120 फुटांवर येते. ताळा करा: रस्त्याकडं सरासरी रुंदी 150, लांबी 120, नाल्याकडं सरासरी रुंदी 100, लांबी 180. दोन्हीकडं 18,000 चौरस फूट. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरमध्ये वर्गमूळ असतंच.

पण मला विचाराल तर आडवं तोडूच नका. रस्त्याच्या बाजूचा मध्य काढा, म्हणजे 85 फूट. नाल्याच्या बाजूचा मध्य काढा, 35 फूट. ते दोन दगड दोरीनं जोडा. रस्ता आणि नाला समांतर असतील, तर दोन्ही वाटे बरोबर 18,000 चौरस फुटांचे होतात आणि रस्ता दोघांनाही मिळतो. वर्गमूळाची गरजच नाही.

उभ्या तोडीला एक तोटा आहे, तोही सांगतो. नवा बांध लांब होतो. बांधही जमीन खातो. 132 बाय 330 फुटांचं एक एकराचं शेत घ्या. उभं तोडलं तर नवा बांध 330 फूट, आडवं तोडलं तर 132. बांध तीन फूट रुंद धरला तर पहिल्यात 990 चौरस फूट, म्हणजे गुंठ्याला थोडी कमी जमीन गेली, दुसऱ्यात 396. चार भावांत तीन बांध पडतात, मग उभ्या तोडीत पावणेतीन गुंठे बांधाखाली जातात. उलट ट्रॅक्टरला लांब पट्टा बरा, वळणं कमी. ज्याचं त्यानं ठरवावं, मात्र रस्ता एकाच बाजूला असेल तर माझं मत उभ्या तोडीलाच.

वाकडा बांध सरळ करायचा

हे कोडं भावांचं नाही, शेजाऱ्यांचं. समजा बांध नाल्यावरच्या दगडापासून निघतो, मध्ये बाभळीपाशी वळतो आणि रस्त्यावरच्या दगडाला मिळतो. नांगरताना दोघांनाही त्रास. बांध सरळ करायचा, पण क्षेत्र कुणाचंच घटायला नको.

नाल्यावरच्या दगडापासून रस्त्यावरच्या दगडापर्यंत सरळ दोरी ताणा. बाभूळ त्या दोरीपासून काटकोनात किती फुटांवर आहे ते मोजा. 20 फूट निघालं असं धरू. आता रस्त्याच्या कडेनं बाभळीच्याच बाजूला सरका आणि दोरीच्या रेषेपासून काटकोनात 20 फूट भरतील तिथं नवा दगड लावा. नाल्यावरच्या दगडापासून या नव्या दगडापर्यंत सरळ बांध घाला. जुन्या बांधानं दोरीपलीकडं जेवढा त्रिकोण व्यापला होता, तेवढाच नवा बांध व्यापतो, कारण पाया तीच दोरी आणि उंची तेच 20 फूट. फक्त क्षेत्र सारखं राहिलं तरी एकाची रस्त्याकडची बाजू वाढते आणि दुसऱ्याची तेवढीच कमी होते. रस्त्याकडच्या जमिनीला भाव जास्त, तेव्हा हे दगड हलवायच्या आधी बोलून घ्या.

काटकोन काढायला गवंड्याचा गुण्या शेतात पुरत नाही. दोरीला सारख्या अंतरावर खुणा करून 3, 4 आणि 5 भागांचा त्रिकोण ताणा, 3 आणि 4 च्या मधला कोपरा काटकोन असतो. उतारावर टेप जमिनीला टेकवू नका, आडवा धरून टप्प्याटप्प्यानं मोजा. मोबाईलमधलं क्षेत्र मोजायचं अॅप अंदाजाला ठीक आहे, वाटणीला नाही. 100 मीटरच्या बांधावर ते तीन मीटर चुकलं, तर 300 चौरस मीटर म्हणजे जवळपास तीन गुंठे इकडचे तिकडं होतात.

क्षेत्र सारखं, माती वेगळी

वरचं सगळं गणित जमीन एकसारखी धरून केलंय. खरी जमीन तशी कुठं असते? एका बाजूला काळी, दुसऱ्या बाजूला मुरमाड, एका कडेला पाणी साचतं. वीस गुंठे काळी आणि वीस गुंठे मुरूम यांचा मेळ टेप घालणार नाही. तिथं वाटे कोण पाडतं आणि कोण आधी उचलतं, यावर सगळं येतं.

दोन वाटेकरी असतील तर जुनी रीतच चांगली: एकानं वाटे पाडायचे, दुसऱ्यानं आधी उचलायचा. पाडणारा आपोआप नीट पाडतो, कारण उरलेला त्यालाच घ्यायचाय. चिठ्ठ्या टाकण्यापेक्षा मला हे बरं वाटतं. वाटेच वाकडे असले तर चिठ्ठी फक्त रडायचं कुणी एवढं ठरवते.

तिघांसाठीही अशीच रीत आहे. पोलंडचे गणिती ह्यूगो स्टाइनहाउस यांनी हा प्रश्न मांडला आणि त्यांचे सहकारी बानाख आणि क्नास्टर यांनी ती रीत काढली. नकाशाच्या कागदावर पहिल्यानं एका कडेपासून रेघ मारायची: "माझ्या मते किमतीनं हा तिसरा हिस्सा." दुसऱ्याला तो जास्त वाटला, तर त्यानं रेघ सरकवून तुकडा कमी करायचा, नाहीतर गप्प राहायचं. तिसऱ्यानंही तसंच. ज्यानं शेवटी रेघ सरकवली, त्यानं तो तुकडा घ्यायचा. कुणीच सरकवली नाही, तर पहिल्यानं घ्यायचा. उरलेलं शेत बाकीच्या दोघांनी एकानं पाडून, दुसऱ्यानं उचलून वाटायचं. घेणाऱ्याच्या मते त्याला तिसरा हिस्सा पुरेपूर मिळाला. बाकी दोघांच्या मते गेलेला तुकडा तिसऱ्या हिश्शापेक्षा मोठा नव्हता, म्हणजे मागं दोन हिस्से तरी शिल्लक आहेत. तक्रार करायला जागा राहत नाही.

हे सगळं कागदावर, पेन्सिलीनं. दोरी नंतर. सातबारावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. आर म्हणजे 100 चौरस मीटर आणि गुंठा 101.17, म्हणून एकराचे 40 गुंठे असले तरी आर साधारण 40.47 भरतात. कुणी लबाडी केली म्हणून नव्हे, मापच वेगळं म्हणून. प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडे पडत असतील तर 1947 च्या तुकडेबंदी कायद्याची आडकाठी येऊ शकते. जिरायत आणि बागायतीला मर्यादा वेगळी आहे, ती तलाठी कार्यालयात आधी विचारा. सगळ्यांची संमती असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडं वाटपाचा अर्ज करता येतो. हद्दीचे दगड मात्र भूमी अभिलेख विभागाच्या मोजणीनंतरच पक्के समजायचे. मोजणीला भूकरमापक येईल तेव्हा खुंट्यांचा कच्चा नकाशा, फुटांच्या आकड्यांसह, सगळ्या वाटेकऱ्यांच्या सह्या घेऊन हातात ठेवा.