गावठी ओळखायची कशावरून?

गटारीच्या तोंडावर लालबाग-परळच्या कोंबडीवाल्यांकडे बॉयलरच्या जाळीशेजारी रंगीत पक्ष्यांचा वेगळा पिंजरा येतो. त्याचा भाव चढा असतो, आणि तो भाव मोजणारं गिऱ्हाईक बहुधा कोकणातलं, स्वतःला जाणकार समजणारं. तांबूस-काळी पिसं, लाल तुरा, बॉयलरहून बारीक पाय, एवढं दिसलं की सौदा पटतो. मात्र अशा खुणांवरून पक्षी मिश्र आहे हे फार तर सांगता येतं. तो अस्सल आहे हे निव्वळ बघून सिद्ध होत नाही. पिसांचा रंग तर आधी बाजूला ठेवावा. हैदराबादच्या सरकारी कुक्कुट संशोधन संस्थेने तयार केलेली वनराजा आणि बेंगळुरूची गिरिराजा या दोन्ही संकरित जाती परसातल्या पालनासाठीच काढलेल्या, आणि त्या रंगीबेरंगी आहेत. पांढरी कोंबडी खेड्यातल्या माणसाला ‘इंग्लिश’ वाटते, आणि घारीच्या नजरेतही ती चटकन भरते. म्हणजे ज्या रंगावर मुंबईचं गिऱ्हाईक भाळतं, तो संकरित पक्ष्यातही ठरवून आणलेला आहे.

डोळ्यांपेक्षा अंगठा जास्त सांगतो. छातीच्या हाडाचं मागचं टोक दाबून पाहावं. ते कुर्चेसारखं लवलं तर पक्षी कोवळा. दगडासारखं लागलं तर जून. मग पायांचे खवले पाहावेत, गुळगुळीत की खरबरीत. कोंबडा असेल तर पायामागचा काटा नुसता फोड आहे की वाढलेला, तेही पाहावं. गावठी कोंबडी पुरी वाढली तरी किलो-सव्वा किलोच्या आसपास रेंगाळते. त्यामुळे दोन किलोची, जाड पायांची, तरीही हाड लवणारी ‘गावठी’ समोर आली तर तिच्यात संकरित रक्त आहे असं बेधडक म्हणावं. उलट बाजूने मात्र हे गणित चालत नाही. हलकी, चिवट, काटक कोंबडी शुद्धच असेल असं नाही. संकरित आजीची नातही तशी निघते. चोचीचं टोक कापलेलं दिसलं तर पक्षी पोल्ट्रीतला आहे हे कळतं, पण ती त्याच्या संगोपनाची खूण झाली, कुळाची नव्हे.

तुऱ्याची गोष्ट याहून फसवी. असील जातीच्या कोंबड्याचा तुरा ठेंगणा, तीन बुटक्या ओळींचा. लेगहॉर्न या विलायती जातीचा एकेरी, करवतीसारखा दातेरी. आनुवंशशास्त्रज्ञ विल्यम बेटसनने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये कोंबड्यांवरच प्रयोग करून दाखवलं, की मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात आणि ठेंगणा तुरा एकेरीवर वरचढ ठरतो. असील आणि लेगहॉर्नची पहिली पिढी म्हणून तुऱ्यापुरती असीलच दिसते. ती पिढी आपसात जुळली, की पुढच्या पिल्लांत साधारण चारातल्या एकाच्या डोक्यावर एकेरी तुरा येतो. तोवर विकणारा विकून मोकळा झालेला असतो. २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या झाबुआच्या कडकनाथचंही तसंच. जीभ, तुरा, कातडी काळी करणारं जनुक प्रभावी असल्यामुळे अर्धकडकनाथही बराच काळा निघू शकतो. जीभ गुलाबी दिसली तर नक्कीच नाकारावा. काळी दिसली म्हणून शुद्धतेची हमी मिळत नाही.

यावर मालवणी घरातला ठरलेला आक्षेप असा, की रस्सा उकळला की जिभेला कळतंच. कळतं, पण काय कळतं? मांसाचा घट्टपणा आणि रश्श्याची चव यांत वयाचा आणि हिंडण्या-फिरण्याचा वाटा मोठा. आठ महिने उकिरडा उकरत फिरलेली गिरिराजा कुकरच्या शिट्ट्या वाढवतेच. म्हणून चढा भाव द्यायला माझी हरकत नाही. तो वयाला आणि मोकळ्या चाऱ्याला दिला जातोय, वंशाला नव्हे, एवढं ध्यानात असावं. दुसरा आक्षेप डीएनए चाचणीचा. चाचणीला तुलनेसाठी ठरलेला नमुना लागतो. असील, कडकनाथ किंवा नंदुरबार-धुळ्याकडची बुसरा या नोंद झालेल्या जाती आहेत, तिथे तो मिळू शकतो. कोकणातल्या खुराड्यातली सरमिसळ ‘गावठी’ ही एक ठरीव जात कधी नव्हतीच. २००८ मधल्या संशोधनात तर पाळीव कोंबडीच्या पिवळ्या कातडीचं जनुक करड्या रानकोंबड्याकडून आल्याचं दिसलं, आणि तो पक्षी आपल्या सह्याद्रीतलाच. पिवळ्या पायांची कोंबडी ‘अस्सल’ म्हणून निवडणारा मुळातल्या संकराचीच खूण पसंत करत असतो.

परसातल्या कळपात मात्र वागणुकीचा एक पुरावा मिळतो, जो मुंबईच्या पिंजऱ्यात मिळायचा नाही. गावठी कोंबडी खुडूक होते, अंड्यांवर बसते, कुणी जवळ गेलं की फुगून चोच मारते. वनराजा-गिरिराजामध्ये हा गुण जवळपास काढूनच टाकलेला आहे, कारण खुडूक कोंबडी अंडी घालणं थांबवते. पण इथेही पिल्लांवरून अंदाज बांधू नये. संकरित कोंबडी बसत नाही, म्हणून तिची अंडी सर्रास गावठीच्या पोटाखाली सरकवली जातात, आणि ती आपली समजून सगळी पिल्लं सारख्याच मायेने हिंडवते.