नदीपलीकडे २४५ वर्षं

दहावीच्या इतिहासात मार्टिन ल्यूथर येतो तो छापखान्याचं बोट धरून. १५१७ साली विटेनबर्गच्या चर्चच्या दारावर त्याचे ९५ मुद्दे लागतात, छापून गावोगाव जातात आणि कॅथलिक युरोप दुभंगतो. त्याच धड्यात पुढे गोवा येतो, तोही ओझरता. पोर्तुगीज मिशनऱ्यांनी इथं छापखाना आणला, एवढंच. ल्यूथर आणि हा छापखाना यांच्या मधलं काय ते मोरजीतल्या एका हायस्कुलातले सर फळ्यावर मांडून दाखवतात, असं पेडण्याच्या मित्राकडून ऐकलं आणि मी त्यांच्या तासाला जाऊन बसलो.

तास मधल्या सुट्टीनंतरचा. शेजारच्या अंगणात सुंगटां वाळत घातलेली असावीत. खिडकीतून तो खारट वास सारखा येत होता. हजेरी झाली, मागच्या धड्याची उजळणी झाली. मग सरांनी निळ्या खडूनं फळ्यावर आडवी नागमोडी रेघ ओढली. ‘ही शापोरा नदी.’ रेघेखाली बार्देश, वर पेडणे. खाली लिहिलं १५४३, वर १७८८. वजाबाकी मुलांनीच केली : २४५.

बार्देश आणि साष्टी हे महाल पोर्तुगिजांच्या हाती गेले १५४३ साली. तेव्हा रोमला ल्यूथरचा घाव ताजा होता. १५४० मध्ये जेझुइट संघाला मान्यता मिळालेली, १५४२ मध्ये फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरलेला, १५४५ मध्ये ट्रेंटची धर्मपरिषद सुरू व्हायची होती. युरोपात निसटलेली माणसं इतरत्र भरून काढायची घाई होती. पाठोपाठ १५५६ ला छापखाना आला आणि १५६० ला इन्क्विझिशन. बार्देशातली देवळं याच काळात पडली. पेडणे पोर्तुगिजांकडे गेलं ते १७८८ साली, कोल्हापूरकरांशी भांडण चालू असताना सावंतवाडीकरांना मदत हवी होती म्हणून. तोवर पोर्तुगालचा मंत्री पोंबाल यानं जेझुइटांना पोर्तुगीज मुलखातून हाकलून जवळजवळ तीस वर्षं झाली होती. १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई घेतली होती, तेव्हा नव्या मुलखातल्या लोकांना दुखवणं पोर्तुगिजांना परवडणारं नव्हतं. नव्या काबिजादीत देवळं तशीच ठेवायची, हे धोरण ठरून गेलं होतं.

हे सगळं सरांनी भरभर सांगितलं. थांबले ते एका मुलीच्या प्रश्नावर.

‘मगे सर, आमची मोरजाय रवली कशी?’

मोरजाय म्हणजे मोरजीची ग्रामदेवी. सरांच्या आधी मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, ‘आमचे लोक हटले नाय म्हणान.’ वर्गाला ते पटलेलं दिसलं. खरं सांगायचं तर पेडण्यात, डिचोलीत हे उत्तर मी मोठ्यांच्या तोंडूनही ऐकलंय, आणि ते सांगताना आवाजात नदीपलीकडच्यांबद्दल किंचित तुच्छता असते.

सर चिडले नाहीत. ‘कुंकळ्ळीचे हटलेले?’ त्यांनी विचारलं. १५८३ मध्ये साष्टीतल्या कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच जेझुइट मारले. त्यांच्या म्होरक्यांना मग बोलण्यांच्या निमित्तानं असोळण्याला बोलावून ठार केलं गेलं. धैर्य तिथंही होतं, नव्हती ती २४५ वर्षं.

मग त्यांनी मुलांना मोरजायच्या बहिणी मानलेल्या देवी मोजायला लावल्या. लईराई शिरगावची, केळबाई मुळगावची, महामाया मयेची, अशी बोटं मुडपत वर्ग ओरडत होता. ‘आनी मीराबाय खंय?’ ‘म्हापशां!’ ‘म्हापशां खंय?’ क्षणभर थांबून कुणीतरी म्हणालं, ‘इगर्जेंत.’ वर्ग हसला. म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्रीस सायबीण ती मीराबाई, ही इथली श्रद्धा. तिच्या फेस्ताला हिंदूही तेल घेऊन जातात. एक बहीण देवळात, एक इगर्जेत, हे त्या मुलांना लहानपणापासून ठाऊक होतं. त्याला तारखा आहेत हे त्यांना पहिल्यांदा कळत होतं. त्या तासातलं दुसरं काही नाही आठवलं तरी ते ‘इगर्जेंत’ आठवतं.

एक शंका मात्र मला तिथंच आली. २४५ हा आकडा इतका चपखल बसतो की मुलं तोच एक मुद्दा म्हणून पाठ करतील. राजकीय, सामाजिक, आर्थिक, धार्मिक, तात्कालिक अशी पाच कारणं आणि पाच गुण, ही आपली जुनी शिस्त; त्यात सहावं कारण तारीख. सरांनाही ते जाणवत असावं, कारण रेघेखाली त्यांनी अजून एक साल लिहिलं, १७८७. पेडणे जायच्या आदल्याच वर्षी बार्देशात कांदोळीच्या पिंटोंच्या घरी कट शिजला. कट करणाऱ्यांत ख्रिस्ती पाद्री, राज्यही ख्रिस्ती. दुखणं असं की एतद्देशीय पाद्र्यांना वरची पदं मिळत नव्हती. कट फुटला, पंधरा जणांना मृत्युदंड झाला. ‘हें कारण धार्मिक काय राजकीय?’ सरांनी विचारलं. अर्धा वर्ग धार्मिक म्हणाला, अर्धा राजकीय. सरांनी दोन्ही बाजूंना मान डोलावली, जी मला जरा पळवाट वाटली. जातीचा, पगाराचा, बढतीचा प्रश्न त्यांनी अजून उकलायला हवा होता; पण घड्याळात सहा मिनिटं उरली होती आणि वह्यांत मुद्दे उतरवायचे होते.

ते उतरवून होतात तोच मागच्या बाकावरचा मुलगा, जरा पडलेल्या आवाजात, म्हणाला, ‘सर, आजो सांगता, आमी मूळचे शिवोल्याचे.’ म्हणजे निळ्या रेघेच्या खालचे. बाटायला नको म्हणून नदी ओलांडून आलेली अशी घरं पेडण्यात आहेत. सरांनी त्याला आजोबांकडून आणखी विचारून यायला सांगितलं : कोण आलं, कोण मागं राहिलं.

‘जे थंय रवले, ते मगे खंय गेले?’ मुलीनं विचारलं.

‘खंय वतले?’ सर फळा पुसत म्हणाले. ‘शिवोल्यांतच आसात. सांजांवाच्या फेस्ताक होडयो बघूक वता मगे तूं? बांयत उडयो मारतत, ते तेच.’