ब्रेक दाबला की सायकल झटके देते? आधी रिम तपासा, मग रबर बदला!



सायकल दुरुस्तीचं दुकान टाकायचं म्हणताय ना? मग हे गिऱ्हाईक तुमच्या दारात येणारच: "दादा, ब्रेक दाबला की सायकल झटके देते. रबर बदलून द्या." तुम्ही रबर बदलता, पैसे घेता. दोन दिवसांनी गिऱ्हाईक परत हजर, झटका तसाच! रबराचे पैसे मिळाले, पण विश्वास गेला. म्हणून रिमवर ब्रेक लागणाऱ्या सायकलीचा दोष कसा ओळखायचा, ते आज बघू.

१. झटका कधी येतो?
ब्रेक हलका धरून सायकल हळू ढकला. चाकाच्या दर फेऱ्यात एकाच जागी अडकतं? मग रिमकडे बघा. फेऱ्याशी संबंध नसलेली थरथर असेल, तर पुढचा ब्रेक घट्ट दाबून सायकल मागे-पुढे हलवा. हँडलच्या बेअरिंगमध्ये खटखट लागली, तर आधी ते ढिलं बेअरिंग कसा.

२. जागा शोधा.
रिम स्पिरिटने पुसा. कधीकधी डांबराचा डागच चोर निघतो! झटका राहिला, तर त्या जागी खडूने खूण करा.

३. खूण कुठे आहे?
- व्हॉल्व्हच्या बरोबर समोर: बहुतेक रिमचा जोड तिथेच असतो. कड नखाला लागते का बघा. ॲल्युमिनियमची रिम असेल तर बारीक पॉलिश पेपरने ती कड हलकेच घासा. स्टीलची चकचकीत रिम घासू नका. वरचा मुलामा गेला की गंज धरतो.
- दुसरीकडे कुठे: व्हर्नियर कॅलिपरने रुंदी मोजा. खुणेपाशी जास्त भरली, तर खड्ड्यात आपटून कड फाकलेली असू शकते.
- रुंदी सारखी, पण चाक डुलतं: चाक आउट आहे. आऱ्यांच्या चावीने एका वेळी पाव फेराच द्या आणि आउट काढा.

इथे मात्र तडजोड नाही.
ब्रेक घासून रिमची बाजू खोलगट झाली असेल, किंवा तडा दिसला, तर ताबडतोब हवा सोडा. अशी पातळ रिम ट्यूबमधल्या दाबाने फाटू शकते, आणि चालवणारा रस्त्यावर पडतो. "अजून महिनाभर चालवतो हो," असं गिऱ्हाईक म्हणेल. तुम्ही नाही म्हणा, आणि का ते बोट ठेवून दाखवा.

आता धंद्याची गोष्ट. तपासणीचा दर वेगळा ठेवा आणि पाटीवर लिहा. खडूची खूण गिऱ्हाईकाला दाखवा, त्यालाच चाक फिरवू द्या. दोष स्वतःच्या डोळ्यांनी दिसला की तो बिलावर वाद घालत नाही.

आजच घरची सायकल उलटी करा आणि रिमचा जोड शोधा. पहिला धडा तिथूनच!