थ्री नॉट थ्री : ओळख आणि नेमबाजी

ली-एन्फिल्ड ही ब्रिटिश साम्राज्याच्या सैन्याची बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल. भारतात ती ‘थ्री नॉट थ्री’ या नावाने ओळखली जाते. बोल्ट आणि मॅगझिनची मूळ रचना जेम्स पॅरिस ली यांची आणि नळीतले पाच आटे एन्फिल्डच्या कारखान्याचे, म्हणून हे जोडनाव. १८९५ मध्ये ती सैन्यात आली, दोन्ही महायुद्धे लढली आणि पुढे लष्कराने मोडीत काढल्यावर ब्रिटन, कॅनडा, अमेरिकेतल्या संग्राहकांकडे पोहोचली. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर तिला २०२० च्या प्रजासत्ताक दिनी निरोप दिला.

अशी रायफल हाती आली की पहिले काम ती रिकामी करण्याचे. मॅगझिन काढायचे, बोल्ट मागे ओढायचा आणि नळीच्या मागच्या तोंडात डोळ्यांनी पाहून, बोटाने चाचपून खात्री करायची. ओळख त्यानंतर.

प्रकार दुरूनही कळतो. १९०७ च्या मार्क थ्रीचे पुढचे टोक बोथट असते, नळी टोपणाच्या बाहेर जेमतेम दिसते आणि बॅकसाइट नळीवर, मध्याच्या अलीकडे असते. दुसऱ्या महायुद्धातल्या नंबर फोरची नळी टोपणापुढे इंचभर डोकावते, बॅकसाइट मागे डोळ्याजवळ असते आणि तिच्यातल्या छिद्रातून नेम धरतात. नंबर फाइव्ह आखूड आणि हलकी. नळीच्या तोंडाशी नरसाळ्यासारखे टोपण असते.

रायफलची खरी कुंडली शिक्क्यांमध्ये असते. मार्क थ्रीमध्ये लाकडी दस्ता ज्या लोखंडी पट्टीत बसतो, तिच्या उजव्या अंगाला राजमुकुट, कारखान्याचे नाव, वर्ष आणि मार्क कोरलेला असतो. मार्कपुढे तारा असेल तर ती पहिल्या महायुद्धाच्या घाईत सोपी केलेली आवृत्ती. एन्फिल्ड, बीएसए, ऑस्ट्रेलियातले लिथगो आणि बंगालमधले इशापूर ही नावे वारंवार भेटतात. इशापूरच्या जुन्या रायफलीवर मुकुटाखाली राजाच्या नेहमीच्या ‘जीआर’ या आद्याक्षरांऐवजी ‘जीआरआय’ असते, कारण राजा इथे सम्राटही होता. स्वातंत्र्यानंतर मुकुटाची जागा अशोकाच्या सिंहांनी घेतली आणि ‘आरएफआय’ ही अक्षरे आली. लाकडातून आडवा गेलेला मजबुतीचा स्क्रूही बहुधा इशापूरचाच. टोकाला टोक भिडवलेले दोन बाण दिसले, तर रायफल सरकारी मालकीतून विकली गेली असे समजावे.

क्रमांक बोल्टवर, नळीवर आणि पुढच्या टोपणावरही असतो. तो सगळीकडे जुळत नसेल तर सुटे भाग बदलले गेले आहेत. खैबर खिंडीच्या परिसरात हाताने घडवलेल्या नकलांवर उलटे ‘एन’ किंवा चुकीची अक्षरे आढळतात. त्यांच्या पोलादाचा भरवसा नसल्याने त्या भिंतीवरच शोभतात.

काही रायफली मात्र अस्सल असूनही उडवायच्या नसतात. ‘डीपी’ शिक्क्याची रायफल कवायतीसाठी असते. एनसीसीच्या छात्रांच्या हाती दिसते तीच. इशापूरने बंदोबस्तासाठी .४१० बोअरचे, आटे नसलेले मस्केटही याच सांगाड्यावर केले. १९६० च्या दशकातली इशापूरची टू-ए दिसायला मार्क थ्रीच, पण मॅगझिन चौकोनी आणि काडतूस ७.६२ मिलिमीटरचे. .३०३ च्या काडतुसाला बुडाशी कड असते, ७.६२ ला ती नसते. एकाचे दुसऱ्यात चालत नाही.

शिक्का रायफलचे वय सांगतो, प्रकृती सांगत नाही. नळीत गंजाचे खड्डे किंवा काळे कडे, म्हणजे फुगवटा, आहे का, बोल्टच्या खाचेला तडा आहे का, हे जाणत्या गनस्मिथनेच पाहावे. बोल्टचे तोंड आणि काडतुसाची कड जिथे टेकते ते नळीचे मागचे तोंड यांच्यातले अंतर, म्हणजेच हेडस्पेस, गेजने मोजावे लागते. लष्करी कमाल मर्यादा ०.०७४ इंच होती. नंबर फोरमध्ये ते राखण्यासाठी बोल्टची वेगवेगळ्या मापांची डोकी मिळत. ही तपासणी टाळून केलेली नेमबाजी निव्वळ अविचार आहे.

रायफल ठीक ठरली की मान्यताप्राप्त रेंजवर, डोळे-कान झाकून, नव्या कारखानी काडतुसांनी सुरुवात करावी. काडतुसे मॅगझिनमध्ये भरताना वरच्याची कड खालच्याच्या कडेपुढे यावी, नाहीतर बोल्ट अडतो. चाप दोन टप्प्यांचा असतो: पहिला सैल टप्पा ओढून थांबायचे, मग नेम न हलवता दाबायचे. मार्क सेव्हन काडतुसातल्या १७४ ग्रेनच्या गोळीचा वेग सेकंदाला सुमारे ७४४ मीटर, त्यामुळे धक्काही खांद्याला चांगलाच जाणवतो.

खडकीच्या दारूगोळा कारखान्याची ‘के-एफ’ शिक्क्याची काडतुसे आजही संग्राहकांना सापडतात. जुने काडतूस चाप ओढल्यावर क्षणभर थांबून उडू शकते. म्हणून आवाज आला नाही तरी नळी लक्ष्याकडेच ठेवून किमान अर्धा मिनिट थांबावे. जुन्या प्राइमरमधले क्षार नळीत राहून ओल धरतात आणि गंज आणतात. तेलाने ते निघत नाहीत, पाण्यात विरघळतात. म्हणून सैनिक नळीत उकळते पाणी ओतत, ती कोरडी करत आणि मगच तेल लावत.

भारतात मात्र .३०३ हा निषिद्ध बोअर मानला जातो; नागरिकाला साध्या परवान्यावर ही रायफल ठेवता येत नाही. घरात आजोबांच्या काळातली एखादी सापडली, तर तिला हात न लावता पोलीस ठाण्यात कळवावे.