गाडीचे वाचलेले चार तास कुठे गेले?

घरून काम करणाऱ्यांनी ध्येय कसे ठरवावे?

कर्जत ते मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे शंभर किलोमीटर आहे. लोकलने एका बाजूला साधारण दोन तास लागतात. पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी किंवा खोपोलीहून निघणाऱ्याला त्याहूनही जास्त. म्हणजे मुंबईत नोकरी करणाऱ्या आपल्या भागातल्या माणसाचे रोजचे किमान चार तास रुळांवर जातात. आठवड्यात सहा दिवस कामावर जाणाऱ्याचा हिशेब चोवीस तासांचा होतो. आठवड्यातला पुरा एक दिवस गाडीतच!

मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाली. सर्वसामान्य प्रवाशांना ती फेब्रुवारी २०२१ मध्ये ठराविक वेळांपुरती खुली झाली आणि पुढे ऑगस्टमध्ये दोन डोस घेतलेल्यांसाठी. या काळात कर्जत, नेरळ, खोपोली, खालापूर इथल्या अनेक घरांत पहिल्यांदाच ऑफिस आले. आजही काहीजण आठवड्यातले दोन-तीन दिवस घरूनच काम करतात.

शाळेत पालकसभेला येणाऱ्या अशा वडिलांना मी अधूनमधून विचारते, "गाडीचे चार तास वाचले, त्यांचे काय केले?" बहुतेकांना उत्तर सुचत नाही. एखादा तास उशिरा उठण्यात गेला, एखादा मोबाईलमध्ये. उरलेले दोन ऑफिसनेच घेतले, कारण माणूस घरीच आहे म्हटल्यावर रात्री नऊ वाजताही फोन करायला कुणाला संकोच वाटत नाही. ते तास कशासाठी, हे आपण ठरवले नाही, म्हणून ते दुसऱ्यांनी ठरवले.

जुनेच काम, नवे नाव

"वर्क फ्रॉम होम" हा शब्द नवा असला तरी घरून काम नवे नाही. आपल्या मोहल्ल्यांत शिलाई, फॉल-पिको, मोत्यांचे काम, तांदळाच्या भाकऱ्या, मुलांच्या शिकवण्या आणि नाजेरा शिकवणे हे सारे घरातूनच चालत आले आहे. हजरत खदीजा (रजि.) मक्केत राहून आपल्या माणसांमार्फत शामपर्यंतचा व्यापार चालवत होत्या. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली, त्यातून लिज्जत पापड उभा राहिला. तिथल्या बहिणी मळलेले पीठ घरी नेतात आणि लाटलेले पापड वजन करून परत देतात. काम घरात, पण मोजमाप रोजचे, हे त्या यशाचे एक मोठे कारण आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ मध्ये घरून काम करणाऱ्यांसाठी स्वतंत्र करार मंजूर केला. घरातले मोबदल्याचे काम हेही कामच, हे जगाने मान्य केले आहे. आपल्या घरात मात्र अजून ते "फावल्या वेळातले" समजले जाते. म्हणून घरून काम करणाऱ्या बहिणीचे पहिले ध्येय असावे ते आपले काम मोजण्याचे.

इच्छा आणि ध्येय

"शिलाई वाढवायची आहे" ही इच्छा झाली. "रमजान ईदपर्यंत आठवड्याला चार सूट पूर्ण करायचे आणि प्रत्येकाचा खर्च वहीत लिहायचा" हे ध्येय. त्यात संख्या आहे, मुदत आहे, आणि ते झाले की नाही हे कुणालाही सांगता येते. ऑफिसचे काम करणाऱ्या भावालाही हेच लागू. "नवे काही शिकायचे आहे" म्हणून चालणार नाही. काय शिकायचे, किती दिवसांत, रोज किती वाजता, हे लिहावे लागते.

एका पानावर मधोमध रेघ ओढा. डावीकडे कामाचे ध्येय, उजवीकडे स्वतःचे व घराचे. तीन महिन्यांसाठी प्रत्येक बाजूला एकच. दहा लिहिली की एकही होत नाही, हे आम्ही शिक्षक दर जूनमध्ये मुलांच्या नव्या वह्यांवर पाहतो. उजवी बाजू रिकामी ठेवू नका. घरून काम करताना कामाला भिंत नसते, म्हणून ते आधी तब्येत खाते, मग मुलांचा वेळ आणि शेवटी झोप.

भाव ठरवताना

घरगुती कामात सर्वात जास्त नुकसान भाव न मोजल्यामुळे होते. उदाहरणादाखल एक हिशेब मांडू. सूटची शिलाई ३५० रुपये घेतली. अस्तर ६०, दोरा-बटण २०, वीज आणि मशीनची देखभाल १०. हातात राहिले २६०. सूटला चार तास लागले असतील तर तासाचे ६५ रुपये झाले. आता तीच बहीण महिन्याला नात्यातले पाच सूट "आपल्याच माणसाकडून काय घ्यायचे" म्हणून फुकट शिवत असेल, तर वीस तास आणि वर अस्तर-दोऱ्याचे पैसे गेले. नाते जपावे, पण आकडा माहीत असावा. मग महिन्याला एक सूट प्रेमाने आणि बाकीचे निम्म्या शिलाईत, असे ठरवता येते. नकार देणे जड जात असेल तर भावाचा कागद मशीनवर चिकटवून ठेवा. तोंडाने बोलावे लागत नाही.

खाण्याचे पदार्थ विकणाऱ्यांनी अन्नसुरक्षेची, म्हणजे एफएसएसएआयची, नोंदणी करून घ्यावी. छोट्या उद्योगासाठी तिची सरकारी फी वर्षाला १०० रुपये आहे. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली उद्यम नोंदणी तर पूर्ण मोफत आहे. तिच्यासाठी कुणी सरकारी फी म्हणून हजार-पाचशे मागत असेल तर समजून घ्या.

आणखी एक सावधगिरी. "घरबसल्या पेन पॅकिंग करा, महिना तीस हजार" असे संदेश मोबाईलवर येतात आणि आधी नोंदणीचे पैसे मागतात. काम देणारा पैसे देतो, मागत नाही. फसवणूक झालीच तर लाजून गप्प न बसता लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवावे.

वेळेच्या खुंट्या

दिवसाची विभागणी करायला आपल्या घरांना वेगळे वेळापत्रक शोधावे लागत नाही. पाच नमाजांनी दिवसाचे भाग आधीच पाडून दिले आहेत. फजरनंतरचा तास-दीड तास सर्वात शांत असतो. फोन येत नाहीत, मुले झोपलेली असतात. डोके लागणारे काम, म्हणजे हिशेब, अभ्यास किंवा अवघड कटिंग, तेव्हा करावे. जोहर ते असर हातांचे काम. मगरिबनंतर मुलांचा अभ्यास. इशानंतर कामाचा फोन बंद. ऑफिसलाही हे एकदा स्पष्ट सांगून ठेवावे.

वर्षाचेही असेच. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो, त्यामुळे मागच्या वर्षीचे वेळापत्रक जसेच्या तसे चालत नाही. "पंधराव्या रोजानंतर नवी ऑर्डर घेणार नाही" हे शाबानमध्येच गिऱ्हाइकांना कळवले तर शेवटच्या अशऱ्यात मशीनवर रात्री काढाव्या लागत नाहीत. पावसाळ्यात आपल्याकडे वीज आणि नेटवर्क दोन्ही रुसतात. ऑनलाइन काम करणाऱ्याने जून ते सप्टेंबर मुदतीच्या एक दिवस आधी काम पाठवायचे ध्येय ठेवावे.

"घरीच तर असतेस"

कागदावरचे ध्येय बहुतेक वेळा या एका वाक्याने मोडते. "भाभी, घरीच तर असतेस, जरा मुलाला बघ." "घरीच आहेस तर पाहुण्यांसाठी चार भाकऱ्या टाक." सांगणाऱ्याच्या मनात वाईट नसते. त्याला काम दिसत नाही, एवढेच. म्हणून कामाची जागा आणि वेळ दिसली पाहिजे. खोली वेगळी नसेल तर एक कोपरा, एक चटई पुरे. दहा ते एक आपा कामावर आहे, हे सासूबाईंपासून लहान मुलांपर्यंत सर्वांना माहीत असावे. आठवडाभर थोडी कुरबुर होईल, मग सवय होते.

घरून काम करणाऱ्या भावांनाही एक सांगणे आहे. तुमचे ऑफिस घरी आल्यावर चहाचे कप वाढतात, मुलांना गप्प बसवण्याचे काम वाढते आणि ते सारे घरातल्या बाईवर पडते. वाचलेल्या चार तासांतला एक तास घराला द्या. मुलांना शाळेत सोडणे, बाजारहाट, अम्मी-अब्बांना दवाखान्यात नेणे यांतले एक काम कायमचे अंगावर घ्या. तो तास बायकोचे ध्येय पूर्ण करू शकतो.

अर्धवट राहिलेली शाळा

आपल्या अनेक बहिणींच्या उजव्या रकान्यात एकच गोष्ट असते, अपुरे शिक्षण. दहावी-बारावी खासगीरीत्या देण्यासाठी १७ नंबरचा फॉर्म भरता येतो. त्याची चौकशी पावसाळ्यातच जवळच्या शाळेत करून ठेवावी. पदवीसाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे, आणि उर्दूतून शिकायचे असेल तर १९९८ मध्ये हैदराबादला स्थापन झालेल्या मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठाचे दूरशिक्षण आहे.

माझ्या एका विद्यार्थिनीच्या आईने शिलाई करत हा १७ नंबरचा फॉर्म भरला. शाळा नववीत सुटलेली, मधे सोळा वर्षे गेलेली. फजरनंतर एक तास गणित, एवढेच तिने ठरवले. मार्चमध्ये नेमके गणितच राहिले. घरात कुणीतरी म्हणाले, "आता पुरे." तिने तोच एक तास चालू ठेवला आणि जुलैच्या पुरवणी परीक्षेत विषय निघाला. ती आजही शिलाईच करते, पण आता तिचा दर तीच ठरवते आणि मुलीच्या बीजगणिताची वहीही तीच तपासते.

आठवड्याला दहा मिनिटे

जुम्याच्या आदल्या संध्याकाळी वही उघडून तीन प्रश्नांची उत्तरे लिहा. ठरवलेले किती झाले? राहिले ते कशामुळे? येत्या आठवड्यात त्यातले काय कमी करायचे? तिसरा प्रश्न महत्त्वाचा. सतत दोन आठवडे ध्येय हुकत असेल तर स्वतःला दोष देण्याआधी ध्येय लहान करा. चार सूट जमत नसतील तर तीन करा, पण मोजणे सोडू नका. तीन महिन्यांनी नवे पान घ्या. त्या पानावर काय लिहायचे हे तोवर तुम्हालाच कळलेले असेल, इन्शाअल्लाह.