शेपूट हलली, डोकं दुप्पट!

एका दमात म्हणा बरं : त्लिम्श्याइसिताइत्लमा! जीभ अडखळली? अडखळू दे. हा एकच शब्द आहे आणि त्याचा अर्थ आहे, ‘तो लोकांना मेजवानीला बोलावतो’.

ही नूचानुल्थ भाषा. कॅनडातल्या व्हँकूव्हर बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरची, एकेकाळी होड्यांतून व्हेलची शिकार करणाऱ्या दर्यावर्दी लोकांची. एडवर्ड सपीर हे भाषेचे अभ्यासक १९१० साली तिथे पोहोचले. पुढे तिथल्याच अ‍ॅलेक्स थॉमस यांनी आपली भाषा लिहायची कला शिकून घेतली आणि आपल्या लोकांच्या कितीतरी गोष्टी उतरवून घेतल्या.

आता तो लांबलचक शब्द सोडवू. त्लिम्श म्हणजे उकळणे, या म्हणजे ‘-लेलं’, इस म्हणजे खाणे, इता म्हणजे ‘-णारे’, इत्ल म्हणजे आणायला जाणे, आणि मा म्हणजे ‘तो करतो’. म्हणजे उकळलेलं खाणाऱ्यांना तो आणायला जातो, झाली मेजवानी! ‘-लेलं’, ‘-णारे’ हे आपल्याकडेही प्रत्ययच. पण इथे चक्क ‘खाणे’सुद्धा प्रत्यय! मूळ शब्द पुढे, बाकी सगळी शेपूट मागे.

आणि ही शेपूट भारी खोडकर. काही प्रत्यय शेजारच्या प, त, क यांना टणक करतात. तळहात तोंडासमोर धरून ‘फ’ म्हणा, हवेचा झोत लागेल. आता श्वास रोखा, घसा घट्ट मिटा आणि तसाच ‘प’ फोडा. टप्! तोच तो टणक ‘प’. दुसरे काही प्रत्यय मात्र मवाळ, त्यांच्या शेजारी ‘स’ आला की त्याचा ‘य’ होऊन जातो.

आपल्या ‘फूल’चं ‘फुलाला’ होताना ‘फू’ आखडतो ना? नूचानुल्थमधले काही स्वर तर जागा मोजतात. शब्दाच्या पहिल्या दोन अक्षरांत असले तर दीर्घ, तिसऱ्यापासून पुढे ऱ्हस्व.

मला सगळ्यात आवडतात ते शेवटी बसून पहिल्या अक्षराला ‘पुन्हा ये!’ म्हणणारे प्रत्यय. समजा, ‘लपी’ असा शब्द आहे (हा मी आत्ताच बनवला, शब्दकोशात शोधू नका) आणि त्यातली ‘पी’ अशीच जागा मोजणारी आहे. त्याला असा एक ‘सा’ जोडला, की सुरुवातीचा ‘ल’ दोनदा येणार. मग दुसऱ्या जागेवरची ‘पी’ सरकली तिसऱ्या जागेवर, म्हणजे झाली ऱ्हस्व. ललपिसा!